समुद्राचं मोझॅक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काच, दगड आणि शिंपल्यांच्या तुकड्यांतून समुद्र उभा करणं हे माझं रोजचं काम. शिकायला येणारे आणि चित्र विकत घ्यायला येणारेही फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो. काही उत्तरं लांबली आहेत, कारण सगळं काम तिथेच अडतं.

समुद्र करायचा म्हणजे निळ्या काचा आणायच्या ना?

बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात. स्विमिंग पूलसाठी मिळणारी निळ्या काचेच्या टाइल्सची शीट आणतात, ती तोडतात, चिकटवतात, आणि चित्रात तलाव दिसतो. आधी आपला किनारा नीट बघा. पावसाळ्यात खाड्या गाळ घेऊन येतात तेव्हा दापोली-गुहागरकडचं पाणी मातकट असतं आणि लाट उभी राहिली की तिच्या पोटात तपकिरी रंग दिसतो. थंडीत तारकर्लीला पाणी निवळतं, किनाऱ्यालगत हिरवट होतं आणि दूर क्षितिजाकडे राखाडी निळं पडतं. भर दुपारी तर रंग दिसतच नाही, नुसती चकाकी दिसते.

माझा ठोकताळा असा: दहा तुकड्यांत निळे तीनच. बाकीचे राखाडी, शेवाळी, मातकट आणि दोन-तीन जातींचे पांढरे. एवढे कमी असले की ते निळे खरोखर निळे वाटतात.

मग पाणी दिसतं कशामुळे?

ओळींमुळे. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मोझॅकमधले तुकडे ओळींनी लावतात आणि दोन ओळींमध्ये बारीक फट राहते. पाहणाऱ्याची नजर त्या फटीवरून धावते. फटी आडव्या, समांतर असल्या तर पाणी संथ वाटतं. त्याच ओळी एका जागी मिळून वर उचलल्या, जवळ आल्या आणि पुढे वळल्या की तिथे लाट उठते, मग तुकडे कुठल्याही रंगाचे असोत. इटालियन कारागीर ओळींच्या या चालीला अँडामेंटो म्हणतात आणि मोझॅकचं अर्धं शिक्षण त्यातच जातं. तुकडे जिथे जागा दिसेल तिथे भरले तर नजरेला धावायला वाट उरत नाही. असं पाणी मेलेलं दिसतं, त्यावर कितीही महागडी काच लावा.

म्हणून रंग ठरवण्याआधी फळीवर पेन्सिलने फक्त ओळी काढा. क्षितिजाजवळ त्या जवळजवळ सरळ आणि दाट असू द्या, अलीकडे येताना मोकळ्या आणि वळणदार. तुकड्यांचा आकारही तसाच: क्षितिजाकडे ५-६ मिलिमीटरचे, अलीकडे १२-१५ मिलिमीटरचे. दोन ओळी एकमेकींकडे झुकून मधली जागा निमुळती होत गेली तर तिथे सुईसारख्या कपच्या कोंबू नका. मधली ओळ एका पाचरीच्या तुकड्यावर संपवा आणि बाजूच्या दोन ओळींना एकत्र पुढे जाऊ द्या. भरतीचं पाणी वाळूवर चढताना बारकाईने पाहिलं, तर त्याच्या रेघाही अशाच एकमेकींत विरताना दिसतील.

सरावासाठी मी सगळ्यांना एकच काम देतो. एक फूट बाय एक फूट फळी आणि फक्त कोटा दगडाचे राखाडी-हिरवट तुकडे घ्या. दुसरा रंग घ्यायचा नाही. एवढ्यावर लाट दिसली तर रंगाचा उपयोग होईल. नाही दिसली तर रंगाने काहीही वाचणार नाही.

जुन्या कामांतलं काय पाहावं?

दोन कामं आधी पाहा, फोटोत का होईना. रोमजवळच्या ऑस्टिया या जुन्या बंदरात नेपच्यूनच्या नावाने ओळखलं जाणारं सार्वजनिक स्नानगृह आहे. त्याच्या जमिनीवर दुसऱ्या शतकातलं मोझॅक आहे: समुद्रदेव चार जलाश्वांवर स्वार आणि भोवती डॉल्फिन व समुद्रातले काल्पनिक जीव. सगळ्या आकृती काळ्या, जमीन पांढरी. अख्ख्या दालनात निळा तुकडा नाही, तरी सगळं पाण्यात हलतंय असं वाटतं. वळणाऱ्या शेपट्या आणि आकृतींच्या कडेने फिरणाऱ्या पांढऱ्या ओळी हे काम करतात.

दुसरं नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ते पॉम्पेईतल्या ‘फॉनचं घर’ या मोठ्या वाड्यातून आलं. मधोमध ऑक्टोपस आणि शेवंड यांची झुंज चालली आहे आणि भोवती भूमध्य समुद्रातले मासे आहेत, इतके अचूक की बरेचसे जातीनिशी ओळखता येतात. तुकडे काही मिलिमीटरचे. मागचं पाणी गडद ठेवलंय, त्यामुळे माशांच्या अंगावरचा उजेड उठून दिसतो. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं तेव्हाही हे काम जुनंच होतं.

अलीकडच्या काळातलं हवं असेल तर बार्सिलोनातल्या कासा बाटलोचा दर्शनी भाग पाहा. वास्तुकार गाउदीने १९०४ ते १९०६ दरम्यान त्या जुन्या इमारतीचं रूप पालटलं आणि फुटक्या रंगीत काचा-सिरॅमिकने भिंतीला पाण्यासारखी झिलई दिली.

गच्चीवरचं चायना मोझॅक आणि हे, एकच का?

कुळ एकच. गच्चीवर ऊन परतवायला आणि गळती थांबवायला पांढऱ्या टाइल्सचे तुकडे सिमेंटमध्ये बसवतात, ते काम झटपट आणि मोठ्या क्षेत्रावर करायचं असतं. अहमदाबादच्या ‘गुफा’ या भूमिगत कलादालनाचे घुमट याच पद्धतीने मढवलेले आहेत, म्हणजे त्यातून कला होत नाही असं कुणी म्हणू नये. फरक एवढाच की चित्रात प्रत्येक तुकड्याची दिशा ठरवून लावायची असते. गच्चीचं काम करणाऱ्या मिस्त्रींकडून मसाला, उतार आणि पाणी मारणं शिकून घ्या. ते हात फार पक्के असतात.

तुकडे कशाचे घ्यावेत?

मला दगड सगळ्यात जवळचा. मार्बलवाल्यांच्या आवारात कापून उरलेल्या पट्ट्यांचा ढीग असतो, तिथे जा. राजस्थानचा कोटा ओला केला की थेट खाडीच्या पाण्याचा रंग देतो. आंध्रचा कडप्पा काळा, म्हणजे खडक आणि लाटेखालची सावली. कर्नाटकातली शहाबादी ढगाळ राखाडी. वाळूला पिवळा जैसलमेर. फेसाला पांढरा संगमरवर, पण तोडलेली बाजू वर ठेवून लावा. पॉलिश केलेला माथा गुळगुळीत असतो, तोडलेल्या बाजूवर मात्र साखरेसारखे स्फटिक चमकतात आणि फेस जिवंत होतो. जांभा कितीही आपला वाटला तरी तो मऊ आणि सच्छिद्र. बारीक तुकड्यांत भुगा होतो.

दगडात जी चमक नाही ती काच देते, म्हणून दोन्ही एकत्र वापरावं. सूर्य पडलेल्या पट्ट्यात काच, बाकी दगड. फुटक्या कपबशांचे तुकडेही चालतात. जुन्या चिनीमातीच्या पांढऱ्यात हलकी निळसर झाक असते, ती सावलीतल्या फेसाला फार छान लागते.

स्माल्टी घ्यावी का?

स्माल्टी म्हणजे मोझॅकसाठीच ओतलेली अपारदर्शक काच. व्हेनिसची ओर्सोनी भट्टी १८८८ पासून ती करते आहे. रंग अप्रतिम, किंमत तशीच, आणि आपल्याकडे मागवायची तर वाहतूक वेगळी. दगडावर हात बसल्यानंतर मूठभर घ्या आणि चित्रात जिथे नजर थांबायला हवी तिथेच वापरा. तिचा पृष्ठभाग खडबडीत असतो. प्रत्येक तुकडा किंचित वेगळा कलता बसवला की माणूस समोरून चालत गेला तरी पाणी लुकलुकतं. इटलीत राव्हेन्नाला गाल्ला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाचव्या शतकातल्या समाधीमंदिरातलं निळं छत या तुटक, कलत्या उजेडामुळेच इतकं खोल वाटतं.

किनाऱ्यावरचे शिंपले आणि पोवळी वापरली तर चालतील?

पोवळी अजिबात नको. खडक बांधणारी पोवळी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली वाघाइतक्याच कडक यादीत आहेत, मेलेला तुकडाही उचलायचा नाही. शंखशिंपल्यांच्याही काही जाती संरक्षित आहेत. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेले पातळ, दुधी शिंपले फार मोहात पाडतात, पण ती जातसुद्धा याच कायद्यात येते. रिकामा शंख म्हणजे टाकाऊ वस्तू, असंही नाही. शंखी खेकडे त्यातच घर करतात.

त्यापेक्षा स्वयंपाकघराकडे वळा. तिसऱ्या, खुबे, कालवं, शिणाणे यांची टरफलं जेवणानंतर फेकलीच जातात. शिणाण्याचा आतला भाग बघा: कडेला हिरवा, मध्ये मोत्यासारखा निळसर. लाटेच्या पातळ माथ्यासाठी याहून चांगला रंग मला दुकानात मिळालेला नाही. टरफलं उकळा, चिकटलेलं सगळं खरवडा आणि काही दिवस गोड्या पाण्यात ठेवा. पाणी रोज बदला. मीठ आत राहिलं तर पुढे सांध्यांतून पांढरी बुरशी फुटल्यासारखं बाहेर येतं. याच कारणासाठी मसाल्यात समुद्राची वाळू कधीही घालू नका.

लाटांनी घासलेली काच मात्र जरूर वेचा. किनारा तेवढाच साफ होतो, आणि तिचा धुरकट पृष्ठभाग ओल्या वाळूच्या जागी अगदी चपखल बसतो.

तुकडा हवा तसा तुटत नाही. काय चुकतंय?

पक्कड फार आत जात असणार. टाइल पकडीच्या तोंडात पूर्ण घातली की तिचा चुरा होतो. फक्त कडेला दोन-तीन मिलिमीटर पकडा, दुसरं टोक बोटांनी धरा आणि ठाम दाबा. भेग त्या कडेपासून सुरू होऊन पकडीच्या दिशेने सरळ पुढे जाते. काचेसाठी चाकांची पक्कड घ्या. दगडासाठी जुनी रीतच उत्तम: लाकडाच्या ओंडक्यात उभी रोवलेली रुंद छिन्नी, तिच्या धारेवर दगड दोन बोटांत धरायचा आणि हातोडीचं टोक बरोबर धारेच्या वर पाडायचं. जोर लागत नाही, नेम लागतो.

डोळ्यांवर चष्मा हवाच. मास्कही हवा, आणि तोही धुळीसाठीचा, कापडी नव्हे. दगड आणि सिरॅमिकच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. टेबलावर पाणी शिंपडून काम करा. कचरा कोरडा झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. घरात लहान मुलं असतील तर तोडायचं काम घराबाहेर.

पाया कशाचा असावा?

घरातल्या भिंतीसाठी मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्का पाहून, किमान १२ मिलिमीटर. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, आपल्या हवेत फुगतो. बाहेर लावायचं असेल तर सिमेंट बोर्ड.

वजनाचा हिशेब आधी करा. ४ मिलिमीटर काच चौरस मीटरला साधारण १० किलो भरते, १० मिलिमीटर दगड २६-२७ किलो. दोन फूट बाय तीन फुटांचं दगडी चित्र फळी आणि मसाला धरून सहज वीस किलोच्या पुढे जातं. असं चित्र एका खिळ्यावर टांगू नये. मागे आडवी पट्टी आणि भिंतीत पक्के बोल्ट हवेत.

चिकटवायला फेविकॉल चालेल?

कोरड्या खोलीत, लाकडी फळीवर चालेल. पण नेहमीचा पांढरा गोंद ओल लागली की मऊ पडतो, त्यामुळे बाथरूम, ओटा, अंगण यांसाठी पॉलिमर मिसळलेला टाइल ॲडेसिव्ह वापरा. पारदर्शक काचेखाली तो पांढराच घ्या, राखाडीने काचेचा रंग मरतो. एका वेळी हाताच्या पंजाएवढ्या जागेवरच थापा, उन्हाळ्यात त्यावर भराभर साय धरते.

थेट फळीवर लावू की कागदावर उलटं?

समुद्रासाठी थेट. तुकडे कमी-जास्त उंच आणि कलते ठेवता येतात, आणि पाण्याचा जीव त्यातच आहे. जमिनीवर पाय ठेवायचा असेल, म्हणजे पृष्ठभाग सपाट हवा असेल, तर उलटी पद्धत बरी. जाड खाकी कागदावर मैद्याची खळ लावून तुकडे तोंड खाली करून लावायचे, मग सगळं उलटून मसाल्यात बसवायचं आणि कागद भिजवून काढायचा. चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं, हे रेखाटनातच धरून चला.

फेस कसा दाखवायचा?

पांढरे ठिपके पेरू नका. फेसाला कड असते आणि कडेखाली सावली असते. आधी ती सावली लावा, कडप्पा किंवा गडद हिरवी काच, एकच बारीक ओळ. मग तिच्या वर पांढऱ्याच्या दोन-तीन जाती मिसळून आखूड, तुटक ओळी. आतल्या बाजूला, जिथे फेस विरतो, तिथे पांढऱ्या तुकड्यांमधली फट वाढवत न्या आणि मधे पाण्याचा रंग येऊ द्या. शुद्ध पांढरा फक्त फुटणाऱ्या माथ्यावर.

मासे घालायचे असतील तर?

ओळखीचा मासा घ्या आणि बाजारातून ताजा आणून समोर ठेवा. बांगडा सुरुवातीला उत्तम. पाठ निळसर हिरवी, तिच्यावर लांबीच्या दिशेने जाणाऱ्या काळसर रेघा, पोट रुपेरी आणि त्यात किंचित सोनेरी झाक, बाजूच्या पराजवळ एक काळा ठिपका. या रेघाच तुमच्या ओळी. डोक्याकडून शेपटीकडे तुकडे लहान करत न्या. खवल्याखवल्याचा तुकडा करायला गेलात तर मासा चिलखत घातल्यासारखा ताठ होईल. माशाभोवती पाण्याची एक ओळ त्याच्या आकाराला धरून फिरवा, मग बाकीचं पाणी. ही एक ओळ गाळली की मासा पाण्यात न दिसता पाण्यावर चिकटवलेला दिसतो.

सांधे कोणत्या रंगाने भरायचे?

पांढरा ग्राउट नको. प्रत्येक तुकड्याभोवती रेघ उमटते आणि सगळ्या चित्रावर जाळं पडतं. मध्यम किंवा गडद राखाडी घ्या, रंग खुलतात. वाळू आणि पाणी दोन्ही असतील तर दोन छटा करा आणि जिथे त्या भेटतात तिथे ओल्या हातानेच एकमेकींत मिसळा. आधी उरलेल्या तुकड्यांची छोटी पाटी करून त्यावर रंग पाहा, कारण ग्राउट सुकल्यावर फिका पडतो.

स्माल्टी आणि खडबडीत शिंपल्यांचे भाग ग्राउट न भरता तसेच ठेवावेत. त्यांच्या खाचांत तो शिरला की निघत नाही. आणि शेवटी साफसफाईला ॲसिड मुळीच नको. संगमरवर, कोटा, कडप्पा, शिंपले सगळेच चुन्याच्या कुळातले, ॲसिडने त्यांचं तोंड खाऊन जातं. ओलं स्पंज आणि धीर पुरतो.

वरून रेझिनचा चकचकीत थर ओतू का?

नका ओतू. सगळे कल, सगळ्या फटी एका सपाट काचेखाली जातात, आणि उन्हात रेझिन पिवळं पडतं. दगड, काच, सिरॅमिक यांचे रंग उन्हाने उडत नाहीत. ही देणगी प्लास्टिकखाली झाकू नये.

कोकणातल्या घरात, बाहेरच्या भिंतीवर टिकेल का?

टिकेल, पण भिंत आधी कोरडी हवी. पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस तिरका मारतो, म्हणून सिमेंट बोर्ड, पॉलिमर ॲडेसिव्ह आणि एपॉक्सी ग्राउट. वर पुढे आलेलं छप्पर किंवा छोटा छज्जा असेल तर उत्तम. खाऱ्या हवेत साधे लोखंडी स्क्रू गंजतात आणि भिंतीवर तांबडे ओघळ येतात. स्टेनलेस स्टील घ्या, तेही ३१६ प्रतीचं. लावायचं काम पावसाळा उलटल्यावरच करा.

किती वेळ लागतो आणि किंमत कशी ठरवावी?

एक सेंटिमीटरचे तुकडे आणि दोन मिलिमीटर फट धरली तर एका चौरस फुटात सुमारे ६४५ तुकडे बसतात. अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे आणि एक मिलिमीटर फट धरली तर तीच संख्या अडीच हजारांच्या पुढे जाते. प्रत्येक तुकडा निवडायचा, तोडायचा, ठेवून पाहायचा, बऱ्याचदा परत उचलायचा. म्हणून लादीसारखा चौरस फुटाचा एकच भाव सांगू नका. एका छोट्या भागाला किती तास लागले ते लिहून ठेवा, त्यावरून पूर्ण चित्राचे तास काढा, त्यात सामान, चौकट आणि गॅलरीचा वाटा मिळवा. गिऱ्हाइकाला तुकड्यांचा हिशेब दाखवला की घासाघीस पुष्कळ कमी होते. हाताच्या कामाचे पैसे मागताना संकोच करू नये, असं मला मनापासून वाटतं.

शिकायला कुठे जावं?

परदेशी जाण्याची सोय असेल तर इटलीतल्या स्पिलिम्बेर्गोची मोझॅक शाळा. ती १९२२ पासून चालू आहे आणि तिथे हात घडवतात. इथेच शिकायचं असेल तर लादी बसवणाऱ्या चांगल्या मिस्त्रीबरोबर काही दिवस काम करा आणि चित्रकला चालू ठेवा. रेखाटन कच्चं असेल तर ओळीही कच्च्या राहतात.

तयार चित्र दुसऱ्या गावी कसं पाठवायचं?

ग्राउट भरल्यावर निदान आठवडाभर थांबा. चित्रावर फोमची शीट, त्यावर चित्राच्या मापाची प्लायची फळी, मग दोन्ही पट्ट्यांनी आवळून बांधायच्या आणि लाकडी खोक्यात उभं ठेवायचं. आडवं पाठवलं तर कुणीतरी वर दुसरं खोकं रचतं. खोक्यात चित्रातल्या प्रत्येक रंगाचे पाच-सहा सुटे तुकडे आणि थोडा कोरडा ग्राउट पुडीत घालून द्या. पुढे एखादा तुकडा निखळला तर त्या गावचा लादीवालाही तो बसवून देऊ शकतो.